बिनविरोध निवडणूक आणि खरें सहकार्य

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या लातूर जिल्ह्यांत एक शब्द मोठ्या अभिमानानें उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे 'बिनविरोध'. अमुक गांवची ग्रामपंचायत बिनविरोध झाली, तमुक गांवची सोसायटी बिनविरोध निघाली, असें कानावर आलें कीं ऐकणारा मान डोलावून म्हणतो, "शहाणें गांव आहे." ज्या गांवीं मतदान घ्यावें लागलें त्या गांवाविषयीं मात्र, तेथें जणूं कांहीं साथ आली असावी, अशा सुरांत बोललें जातें. मागें एकदां किल्लारीच्या वाटेवर एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस सरळच विचारिलें, "लोकशाही आणि सहकार हीं दोन्ही गांवास पाहिजेत असें तुम्ही सांगतां. पण एकींत एकानें दुसऱ्याला पाडायचें असतें, आणि दुसऱ्यांत एकानें दुसऱ्याला उचलायचें असतें. हीं दोन्ही एका गांवांत नांदायचीं कशीं?" प्रश्न साधा होता, आणि आम्हांस तेव्हां उत्तर सुचलें नाहीं. न सुचण्याचें एक कारण असें कीं, ह्या बाबतींत आमचें स्वतःचेंच मन स्वच्छ नव्हतें. तें कां, हें आधीं सांगून टाकणें बरें. नाहीं तर पुढें जें लिहावयाचें आहे तें दुसऱ्यास शहाणपण शिकविल्यासारखें होईल.

कांहीं वर्षांपूर्वीं किल्लारीच्या पंचक्रोशींतील एका गांवीं सोसायटीची निवडणूक लागली. सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. पीककर्ज, खत, बियाणें ह्यांसाठीं लहान शेतकऱ्याचा पहिला उंबरठा हाच. गांवांतील दोन्ही गटांचे पुढारी एका रात्रीं एकत्र बसले आणि त्यांनीं तेरा जागांची आपसांत वांटणी केली. तेरा नांवें ठरलीं, तेरा अर्ज भरले गेले. चौदावा अर्ज एका विधवा बाईनें भरला. तिची दीड एकर कोरडवाहू जमीन, आणि सभासदत्व नवऱ्याच्या मागें तिच्या नांवावर आलेलें. पुढाऱ्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें व म्हटलें, "पाळकसाहेब, बाई तुमच्या शब्दाबाहेर नाहीं. गांव इतकीं वर्षें भांडलें, आतां कोठें एक झालें आहे. तेवढा अर्ज काढून घ्यायला सांगा." आम्हांस त्यांत वावगें कांहीं दिसलें नाहीं. समेट घडविणें हें तर आमचें कामच आहे, असें मनाशीं म्हणून आम्ही तिच्या घरीं गेलों.

तिनें चहा ठेविला आणि आमचें सर्व बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. मग ती म्हणाली, "पाळकसाहेब, खताची गाडी आली हें आमच्या वस्तीला दुसऱ्या दिवशीं कळतं. तोंवर पोतीं संपलेलीं असतात. गाडी कधीं आणायची, कशी वांटायची, हें ठरवतांना आपण तिथं बसलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं. ह्यानं गांवाचं काय मोडतं?" आम्ही म्हणालों, "ताई, गांवांत एकी राहूं द्या. तुमचें खताचें आम्ही पुढाऱ्यांच्या कानावर घालूं." तिनें दुसरे दिवशीं औशास जाऊन अर्ज मागें घेतला. संस्था बिनविरोध झाली, गुलाल उधळला गेला, आणि एक हार आमच्याही गळ्यांत पडला. खताचें आम्हीं ठरल्याप्रमाणें कानावर घातलें. पुढाऱ्यांनीं मानही डोलाविली. गाडी मात्र पूर्वींच्याच रीतीनें येत राहिली.

बाईंनीं विचारलेल्या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें नव्हतें, ही गोष्ट आमच्या ध्यानांत पुष्कळ दिवसांनीं आली. एकी राहूं द्या, हें कांहीं त्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. तिनें विचारिलें होतें कीं माझ्या उभें राहण्यानें काय मोडतें. आणि आम्हीं जें राखलें तें गांवाचें ऐक्य होतें कीं तेरा जणांचा सोयीचा करार होता, हें आम्हीं तपासून पाहिलें नाहीं.

सहकार्य म्हणजे काय हें आमच्या भागास पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी व तिच्या आसपासचीं तेरणाकांठचीं गांवें कोसळलीं. गणपतीचें विसर्जन आटोपून लोक घरीं येऊन झोंपले होते. आमच्याकडील जुनें घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, आणि त्यांवर लांकडी तुळयांनीं तोललेलें मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत थंडगार, पण हादऱ्यापुढें अगदीं निरुपाय. त्या माळवदांखालीं सरकारी हिशेबानें आठ हजारांच्या आसपास, आणि इतर कित्येकांच्या हिशेबानें दहा हजारांच्या जवळपास माणसें गेलीं. आम्ही त्या वेळीं शाळकरी वयाचे होतों. परंतु त्या दिवसांत मोठीं माणसें कशीं हलक्या आवाजांत बोलत असत, तें अजून स्मरतें.

त्या पहांटे कोणीं कोणाचें मत विचारिलें नाहीं. ज्याचा हात मोकळा होता त्यानें दगड उचलला. वाडा कोणाचा, वस्ती कोणाची, हें पाहण्यास कोणास सवड नव्हती असें वडील माणसें सांगतात, आणि तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. म्हणूनच आमच्या भागांतील लोकांच्या मनांत असें बसलें आहे कीं, सहकार्य हें मतदानाहून जुनें व मतदानाहून थोर आहे. संकट आलें कीं माणसें जुळतात, आणि निवडणूक आली कीं फुटतात.

पण थोडें पुढें जाऊन पहावें. ढिगारे उपसून झाले, प्रेतांची व्यवस्था लागली, आणि मग प्रश्न उभा राहिला कीं आतां रहावयाचें कोठें. हा प्रश्न नुसत्या हातांनीं सुटणारा नव्हता. दगडाखालीं अडकलेल्या माणसास बाहेर काढावें कीं नाहीं, ह्याविषयीं दोन मतें नसतात. परंतु नवें गांव कोणत्या शिवारांत वसवावें, त्यासाठीं जमीन कोणाची जावी, कोणाचें घर कोणाच्या शेजारीं यावें, शेत किती लांब पडलें तर चालेल, ह्यांविषयीं जितकीं घरें तितकीं मतें असतात, आणि तीं असावींत. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें संपूर्ण नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. जागतिक बँकेचें कर्ज आलें; दूरदूरच्या संस्थांनीं गांवें दत्तक घेतलीं. घरांचे आकार जमिनीच्या मानानें ठरविण्यांत आले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणारास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणारास ७५० चौरस फूट.

ह्या मापास कारभाराच्या दृष्टीनें कारणें नव्हतीं असें नाहीं. मोठ्या शेतकऱ्यास गुरें, कडबा, धान्य, औतफाटा ठेवावयास जागा लागते, आणि ज्याचा वाडा पडला त्याला खोलींत कोंबणें हाही अन्यायच होय, असें म्हणणारे लोक खोटें बोलत नव्हते. परंतु पहांटेच्या वेळीं दगडाखालीं जे सर्व सारखे होते, त्यांच्यासाठीं थोड्याच दिवसांत वाड्याचें आणि झोपडीचें जुनें माप पुन्हां बाहेर निघालें. आमचा प्रश्न मापाविषयीं नाहीं, सभेविषयीं आहे. २५० फुटांच्या रांगेंत ज्याचें नांव लागलें, त्यानें किती ठिकाणीं उभें राहून "आमच्या घरांत सुना-नातवंडें धरून नऊ माणसें आहेत" असें म्हटलें असेल? आणि म्हटलें असेल तर तें कोणीं लिहून घेतलें? पहांटेचें सहकार्य खरें होतें, पण त्यानें हा प्रश्न सोडविला नाहीं, सोडवूं शकतही नव्हतें. दगड उचलण्यास हात पुरतो. वांटा ठरविण्यास तोंड लागतें.

ह्यांत एक विलक्षण योग असा कीं, त्याच वर्षीं २४ एप्रिल रोजीं घटनेची ७३ वी दुरुस्ती अमलांत आली होती. ग्रामसभेस आणि पंचायतीस घटनेंत स्थान मिळालें, आणि पंचायतींतील निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. धरणी हादरली ती त्यानंतर पांच महिन्यांनीं. कागदावरचा अधिकार गांवच्या चावडींत येऊन बसण्यापूर्वींच चावडी पडली.

तरीही एक गोष्ट घडली, आणि तिचा उल्लेख किल्लारीसंबंधीं बोलणारे लोक पुरेसा करीत नाहींत. जीं घरें पडलीं नव्हतीं पण तडकलीं होतीं, त्यांच्या दुरुस्तीचें व मजबुतीचें काम ठेकेदाराकडे न देतां घरमालकाच्याच हातीं देण्यांत आलें. पैसे हप्त्याहप्त्यानें त्याच्या नांवें यावयाचे. गवंडी पाहणें, वाळू-सिमेंट आणणें, काम करवून घेणें हें त्याचें. ह्या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या साह्यानें हजाराहून अधिक गांवांत महिला मंडळांतील स्त्रियांस 'संवाद सहायक' नेमलें. सरकारचें म्हणणें घरोघर समजावून सांगावें, आणि घरोघरचें म्हणणें सरकारास कळवावें, असें त्यांचें काम. ज्या स्त्रिया पूर्वीं चावडीसमोरून जातांना पदर पुढें ओढून घेत, त्यांतल्याच कांहीं जणी इंजिनियराशीं भिंतींतल्या आरपार दगडाविषयीं बोलूं लागल्या. हें काम मोठें होतें. पुनर्वसनाच्या नव्या गांवांइतकें डोळ्यांत भरणारें नव्हतें, एवढेंच. त्यांतून निघालेले बचत गट पुढें कितीएक वर्षें चालले. जेथें माणसास स्वतःच्या भिंतीविषयीं बोलूं दिलें, तेथें शेजाऱ्याच्या भिंतीविषयीं आस्था वाटावयास त्यास फार वेळ लागला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मतांची ही उठाठेव नव्हती तेव्हांही गांव चाललेंच होतें ना? इर्जिक नव्हती का? होती, आणि ती फार सुंदर चाल होती. ज्याची नांगरट मागें पडली असेल त्याच्या शेतीं चांदण्या रात्रीं दहा-वीस औतें जमत, गाणीं म्हणत रात्रींतून रान उलथून टाकीत, आणि मालक सर्वांस जेवूं घाली. आज ट्रॅक्टरच्या दिवसांत ती आठवण काढून म्हातारीं माणसें हळहळतात. त्यांचें हळहळणें आम्हांस कळतें. परंतु इर्जिकेचें बोलावणें ज्याच्या दावणीला बैल त्यालाच असे. ज्याच्या दावणीला बैल नाहीं त्याच्यासाठीं दुसरा शब्द होता, तो म्हणजे वेठ. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजे-पणज्यांस त्या शब्दाची चांगली ओळख होती. शेत तेंच आणि घामही तोच; पण एकाला आज दिलेला दिवस उद्यां परत मागण्याचा हक्क, आणि दुसऱ्याला शिळी भाकर. वाटेनें जाणारा परका मनुष्य दोन्ही ठिकाणीं पाहील तर त्याला दोन्हींत सहकार्यच दिसेल. मग फरक कोठें आहे? आमच्या मतें तो एकाच जागीं आहे: 'मी येत नाहीं' असें म्हणण्याची मुभा एकाला होती, दुसऱ्याला नव्हती.

ज्या कामाला नाहीं म्हणतां येत नाहीं, त्या कामास होय म्हणण्याला अर्थ उरत नाहीं. ते काम चांगलें असेल, गांवाच्या हिताचेंही असेल, तरी त्यास सहकार्य म्हणतां यावयाचें नाहीं. आणि नाहीं म्हणण्याची मुभा ही कोणाच्या दयेवर राहूं नये, एवढ्यासाठींच तर मत, सभा, नोंदवही, गुप्त मतदान हीं साधनें माणसानें शोधून काढिलीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत केलेल्या भाषणांत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हीं तीन एकमेकांपासून तोडतां येत नाहींत असें बजाविलें होतें, आणि राजकारणांत समता पण व्यवहारांत विषमता अशा विसंगत जीवनांत आपण पाऊल टाकीत आहों अशी सूचनाही दिली होती. बंधुतेच्या नांवाखालीं समता मागें ठेवणारें गांव, आणि समतेच्या नांवाखालीं बंधुता मोडणारें गांव, ह्या दोहोंसही तें भाषण लागू पडतें.

सहकारी चळवळीचा जन्म पाहिला तर तेथेंही हेंच दिसतें. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं २८ जणांनीं १८४४ सालीं एक दुकान काढिलें. त्यांत पुष्कळसे विणकर व तशाच कामकऱ्यांपैकीं होते. पीठ, लोणी, साखर असा त्यांचा माल. ज्याचे भाग अधिक त्याची मतें अधिक, ही व्यापारी कंपन्यांची रीत त्यांनीं सोडली, आणि माणशीं एक मत हा नियम केला. त्याच काळांत जर्मनींत रायफायझन नांवाचे एक खेड्यांचे मेयर होते. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनीं प्रथम श्रीमंतांकडून पैसा गोळा करून गरिबांस मदत करणारी मंडळी स्थापिली. हेतु उत्तम, पण तें काम टिकेना. देणारे थकले आणि घेणारे मिंधे झाले. पुढें १८६४ सालीं त्यांनीं हेडेसडोर्फ येथें जी पतसंस्था काढिली तिच्यांत कर्ज घेणारा तोच सभासद, तोच जामीन आणि सभेंत मत देणाराही तोच, अशी व्यवस्था केली. आमच्या देशांतील १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यामागें ह्याच खेड्याचा धडा होता. आपल्याकडे आज जी गांवोगांव सोसायटी आहे ती ह्याच वंशांतली. म्हणजे मताचा अधिकार हा सहकाराला बाहेरून चिकटविलेला कागद नव्हे. मदत हाताबाहेर जाऊन भिक्षा किंवा मालकी होऊं लागली, तेव्हां तिला सहकार करण्यासाठीं तो शोधला गेला.

महाराष्ट्रांत ह्या बीजाचा मोठा वृक्ष झाला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या श्रमांनीं प्रवरेकांठीं लोणीस शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत कारखाने निघाले. आमच्या किल्लारीसही शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना आहे. तो कैक वर्षें बंद राहिला आणि अलीकडे पुन्हां सुरू झाला. बंद कां पडला ह्याचीं कारणें निरनिराळीं माणसें निरनिराळीं सांगतात. त्यांचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु एकंदर कारखान्यांच्या बाबतींत एक गोष्ट वाचकांनीं स्वतःच पाहिली असेल. कायद्याप्रमाणें सहकारी संस्थेचा सर्वोच्च अधिकार सभासदांच्या सर्वसाधारण सभेकडे असतो, आणि भाग एक असो वा शंभर, सभासदास मत एकच. पण वार्षिक सभेंत घडतें काय? मंडपांत पुढच्या रांगेंत पुढारी, मागें ठरवून आणून बसविलेलीं माणसें. ताळेबंदाचा विषय वाचावयास सुरुवात झाली न झाली तोंच मागून "मंजूर, मंजूर" असा गजर उठतो. ऊंस कमी कां भरला, काटा बरोबर आहे काय, तोडचिठ्ठी कोणाची आधीं निघाली, दर कशावरून ठरला, हें विचारण्यास एखादा सभासद उठलाच तर शेजारचाच त्याचा सदरा ओढून म्हणतो, "बस खालीं, कशाला वाईट होतोस?" हा सदरा ओढणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याचाही ऊंस शेतांत उभाच असतो, आणि तोड त्यालाही हवी असते.

ह्या भीतीस एकी म्हणण्याची आमची चाल पडली आहे. बिनविरोध ह्या शब्दाचें खरें परीक्षण येथें करावें लागतें. विरोध नव्हता म्हणून बिनविरोध, कीं विरोध बोलूं दिला नाहीं म्हणून बिनविरोध? जानेवारी २०२१ मध्यें ग्रामपंचायतींच्या निवडणुकांच्या वेळीं नाशिक जिल्ह्यांतील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी ह्या दोन गांवच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानें रद्द केल्या. कारण तेथें सरपंचपदाची बोली लागल्याचें उघड झालें होतें. पैसा गांवाच्या कामास लावावयाचा, असें समर्थन अशा बोलीचें लोक करितात. आम्हांस हें समर्थन ऐकून हंसूं येत नाहीं, कारण निवडणुकीचा खर्च, दारू, वैर हें सर्व टाळून तोच पैसा गांवाच्या कामीं लावावा ही कल्पना प्रथमदर्शनीं शहाणपणाचीच वाटते. परंतु बोली लावणारास मत एक नसतें. त्याच्या थैलींत जितके रुपये तितकीं त्याचीं मतें. रॉचडेलच्या विणकरांनीं जी रीत दाराबाहेर ठेविली होती तीच मागील दारानें देवळाची देणगी होऊन आंत आली.

ह्याच्या उलट बाजूही आहे, आणि ती न सांगणें अन्यायाचें होईल. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या गांवीं पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारे तीस वर्षें पंचायत बिनविरोध होत आली. त्या गांवानें पाण्याचा ताळेबंद मांडला, सिंचनासाठीं विंधन विहिरी घेण्यास बंदी केली, ऊंस-केळीसारखीं पाणी पिणारीं पिकें सोडून दिलीं. हें सर्व दमदाटीनें होत नसतें. पुढें २०२१ सालीं तेथेंही विरोधी अर्ज आले, मतदान झालें, आणि सातही जागांवर पोपटरावांचीच मंडळी निवडून आली. पुष्कळांस ह्याचें वाईट वाटलें कीं इतक्या वर्षांची परंपरा मोडली. आम्हांस मात्र वाटतें कीं त्या गांवाच्या एकीचा पुरावा त्याच वर्षीं मिळाला. तोंवर ती एकी लोकांच्या सांगण्यावर होती, आतां ती मोजून झाली.

दुसरें उदाहरण गडचिरोलीकडील मेंढा लेखाचें. तेथील गोंड गांवकरी मतदान करून बहुमतानें निर्णय घेत नाहींत, सर्वांची संमति मिळेपर्यंत थांबतात. एकाही माणसानें हरकत घेतली तर विषय पुढच्या बैठकीस जातो. विषय नीट समजावा म्हणून अभ्यासाचे गट बसतात. ह्या रीतीनें चालून त्या गांवानें २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. वरवर पाहतां मेंढा लेखाची सर्वसंमति आणि आमच्याकडील बिनविरोध ही एकच गोष्ट वाटेल. पण तेथें एकट्या माणसाच्या 'नाहीं'साठीं सगळें गांव थांबतें, आणि आमच्याकडे सगळ्या गांवासाठीं एकट्या माणसाला 'नाहीं' गिळावें लागतें. तेथें पाळक पाठवून कोणाचा अर्ज मागें घेववीत नाहींत.

अर्थात् निवडणुकीनें गांवें फुटत नाहींत असें आम्ही म्हणूं तर वाचक आम्हांस हंसतील. एका बापाचीं मुलें पॅनेलच्या पायीं एकमेकांच्या लग्नाला जात नाहींत. पडलेल्या उमेदवाराच्या पाणंदीचा रस्ता पांच वर्षें तसाच राहतो. मयताला खांदा द्यावयास येतांनाही मनुष्य आधीं कोणत्या गटाचा मयत हें पाहतो. आमच्या मंडळ्यांच्या पंचांची निवडही ह्या रोगापासून सुटलेली आहे असें मानण्याचें कारण नाहीं. पण हा दोष मत मोजण्याचा आहे, कीं मत मोजून झाल्यावर आपण काय करतों त्याचा आहे? पंधरा दिवस विरुद्ध उभें राहणें आणि नंतर पांच वर्षें शेजारीं बसणें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसास याव्या लागतात. पहिली शिकविण्यास पुढारी हजर आहेत, गाड्या हजर आहेत, ढोल हजर आहेत. दुसरी शिकविण्यास गांवांत कोणी नाहीं, आणि ज्यांनीं ती शिकवावी ते आमच्यासारखे लोक पहिलीच मोडून काढावयास जातात. आम्हीं त्या बाईकडे जाण्याऐवजीं त्या तेरा जणांकडे जावयास हवें होतें. "तिला उभी राहूं द्या, आणि ती पडली तरी खताच्या दिवशीं तिला आधीं कळवा, आणि ती निवडून आली तर तिच्या शेजारीं खुर्चीवर बसा," हें सांगणें आमचें काम होतें. तें अवघड होतें. सोपें होतें तें आम्हीं केलें.

वृद्ध गृहस्थांस पुढें आम्ही भेटलों तेव्हां एवढेंच म्हणालों कीं, पाडणें आणि उचलणें हीं कामें वेगळीं खरीं, पण कोणास उचलावयाचें तें ज्या सभेंत ठरतें तेथें पडलेल्या माणसासही जागा पाहिजे. त्यांस हें पटलें कीं नाहीं, कळलें नाहीं. त्यांनीं तंबाखू मळली आणि यंदाच्या सोयाबीनचें विचारिलें.

त्या सोसायटीची निवडणूक मुदत संपल्यावर पुन्हां लागली. ह्या खेपेस बाईंनीं अर्ज भरला तो मागें घेतला नाहीं, आणि आम्हांसही कोणीं बोलाविलें नाहीं. मतदान झालें. बाई पडल्या, मतें थोड्यांनींच कमी. मात्र त्या पंधरा दिवसांत दोन्ही गटांच्या उमेदवारांस तिच्या वस्तीवर यावें लागलें, आणि तेथें प्रत्येकानें खताच्या गाडीचा दिवस आधीं जाहीर करण्याचा शब्द दिला. आतां सोसायटीच्या दाराशीं एक काळा फळा लागला आहे, आणि गाडी यावयाच्या आदल्या दिवशीं त्यावर तारीख व पोत्यांची संख्या खडूनें लिहिली जाते. फळा चावडीकडे तोंड करून आहे, वस्तीवरच्या माणसास तिकडे मुद्दाम जाऊन पहावें लागतें. म्हणून दुसरा फळा वस्तीच्या समाजमंदिरावर लावावा, असा ठराव बाईंनीं येत्या वार्षिक सभेसाठीं लिहून दिला आहे. त्याचा कागद त्यांनीं आम्हांस दाखविला. सूचक म्हणून खालीं त्यांची सही आहे. अनुमोदकाची जागा तेव्हां कोरी होती. दोन घरें पलीकडच्या एका सभासदाकडे तो कागद घेऊन त्या निघाल्या होत्या.